स्टीफन फॉस्टर : गाणं सगळ्यांचं, नाव दुसऱ्याचं

नदीकाठ

यंदा उन्हाळ्यात दोन महिने मुलाकडे पिट्सबर्गला होते. तिथे फोर्ब्स अव्हेन्यूवर विद्यापीठाचा कॅथीड्रल ऑफ लर्निंग नावाचा उंचच उंच मनोरा आहे आणि त्याच्या पायथ्याशी एक बुटकी दगडी इमारत. नाव स्टीफन फॉस्टर स्मारक. फॉस्टर म्हणजे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन गीतकार-संगीतकार. घरातली सगळी कामाला गेली की मी चालत त्या बाजूला जायचे. एकदा आत शिरले आणि मग हा माणूस पाठच सोडेना.

अडकले ते एका छापील कागदापाशी. 'ओल्ड फोक्स ॲट होम' या गाण्याच्या १८५१ सालच्या प्रतीचं मुखपृष्ठ. वर गाण्याचं नाव, खाली 'ख्रिस्टीज मिन्स्ट्रेल्स' या मंडळीने गायलेलं गाणं असा उल्लेख, त्याखाली ठसठशीत अक्षरांत शब्द आणि संगीत ई. पी. ख्रिस्टी. फॉस्टरचं नाव पानावर कुठेही नाही. गाणं मात्र अथपासून इतिपर्यंत फॉस्टरचं.

स्टीफन फॉस्टरचा जन्म ४ जुलै १८२६ चा, पिट्सबर्गजवळच्या लॉरेन्सव्हिलचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं होत होती आणि जेफरसन व जॉन ॲडम्स हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष त्याच दिवशी वारले. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण वडिलांचे व्यवहार बसले आणि स्टीफन लहान असतानाच राहतं घर हातचं गेलं. पुढे हे कुटुंब कधी भाड्याच्या घरात, कधी नातलगांच्या आधाराने राहिलं. त्याच्या गाण्यांतून सारखं 'घर' येतं, मागे राहिलेलं, परत न मिळणारं घर. ते मला इथून आलेलं वाटतं. शाळेत त्याचं मन रमलं नाही, कॉलेजातूनही तो थोड्याच दिवसांत परतला. बासरी, गिटार, पियानो मात्र येत होते. पहिलं गाणं छापून आलं १८४४ मध्ये, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

विसाव्या वर्षी घरच्यांनी त्याला सिनसिनाटीला धाडलं. डनिंग या भावाची ओहायो नदीवरच्या आगबोटींची पेढी होती, तिथे हिशेबनीस म्हणून. बोटी लागायच्या, माल चढायचा-उतरायचा, हमालांची गाणी कानावर पडायची आणि हा खतावण्या लिहायचा. त्याच काळात 'ओ सुझॅना' झालं. ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं ११ सप्टेंबर १८४७ ला, पिट्सबर्गच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात. दुकानाचा मालक गाण्यांचे कार्यक्रम ठेवायचा. पुढच्या दोन वर्षांत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि तिकडे निघालेल्या हजारो माणसांच्या तोंडी हेच गाणं होतं. प्रकाशकांनी वाटेल तसं छापलं, डझनाहून जास्त वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या. फॉस्टरला किती मिळाले? शंभर डॉलर, पन्नासाच्या दोन नोटा, असं तो स्वतः सांगायचा. त्या दोन नोटा पाहून आपण हाच धंदा करायचा असं त्याने ठरवलं.

हे धाडस नीट समजून घ्यायला हवं. तोवर अमेरिकेत फक्त गाणी लिहून कोणी पोट भरत नव्हतं. गाणी लिहिणारे होते, पण त्यांचा खरा चरितार्थ शिकवण्या, वाद्यांचं दुकान, चर्चमधलं वादन किंवा स्वतःचा तमाशा यावर चाले. फॉस्टर स्वतः मंचावर जात नव्हता. घरात बसून गाणं लिहायचं, ते छापलं जायचं, पियानो असलेल्या घरांतून विकलं जायचं. न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड या प्रकाशकाशी त्याचा करार झाला. पंचवीस सेंटांच्या आसपास किमतीची प्रत विकली गेली की त्याला दोन सेंट. मंचावर गाणं हजार वेळा गायलं गेलं तरी त्याचा पैसा नाही, कारण गाण्याच्या प्रयोगाचा हक्कच अमेरिकेच्या कायद्यात नव्हता. तो आला १८९७ मध्ये.

मग छापील प्रत खपायला हवी, आणि खपण्यासाठी गाणं एखाद्या गाजलेल्या मंडळीने गायला हवं. एडविन ख्रिस्टीची मंडळी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सर्वांत गाजत होती. फॉस्टर आपलं नवं गाणं छापण्याआधी त्याला पाठवायचा. 'ओल्ड फोक्स ॲट होम'च्या वेळी थोड्या डॉलरांच्या बदल्यात त्याने लेखक म्हणून नावही ख्रिस्टीचं जाऊ दिलं. गाणं तुफान खपलं. २५ मे १८५२ ला त्याने ख्रिस्टीला पत्र लिहिलं. ही गाणी हलकी समजली जातात म्हणून मी नाव लपवत होतो, पण आता मला न भिता, न लाजता माझं नाव लावायचं आहे, तर माझं नाव परत लावू द्या, असा त्याचा मथितार्थ. ख्रिस्टीने नकार दिला. फॉस्टर तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

आता हिशेबवही. जानेवारी १८५७ मध्ये तो वही घेऊन बसला आणि प्रत्येक गाण्याने आजवर किती दिलं ते एकाखाली एक लिहून काढलं. 'ओल्ड फोक्स ॲट होम' १,६४७ डॉलर. 'माय ओल्ड केंटकी होम' १,३७२. आणि बायकोवर लिहिलेलं 'जीनी विथ द लाइट ब्राउन हेअर', जे आज जगभर गायलं जातं, ते २१७ डॉलर. मग हीच गाणी पुढे किती देतील याचा अंदाज केला आणि सगळ्यांचे पुढचे हक्क १,८७२ डॉलरांना विकून टाकले. वय तीस. हिशेबनिसाच्या शिस्तीने त्याने स्वतःची गाणी स्वतःच्या हाताने मोडीत काढली. हे वाचताना मला फार वाईट वाटलं.

१८६० मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. संसार टिकला नाही. बायको जेन आणि मुलगी मॅरियन पेनसिल्व्हेनियात परतल्या, जेनने तारघरात नोकरी धरली. हा दारूत बुडाला, रोख पैशांसाठी गाणी लिहू लागला. एकट्या १८६३ सालात चाळीसहून अधिक. जानेवारी १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या एका स्वस्त हॉटेलात तापाने आजारी असताना तो पडला, चिनी मातीचं भांडं फुटून मानेला जखम झाली. बेलव्ह्यू रुग्णालयात १३ जानेवारीला गेला. सदतीस वर्षांचा. पाकिटात अडतीस सेंट आणि एक चिठोरा. त्यावर पेन्सिलीने लिहिलेले शब्द, मराठीत सांगायचे तर, 'प्रिय मित्रहो आणि कोमल हृदयांनो'. गाण्याची सुरुवात असेल.

कोणी त्याच्याबद्दल वाचलं असेल, गाणी वाजवत असेल, तर जरूर लिहा.

खतावणी

फार जीव ओतून लिहिलंय, नदीकाठताई. हिशेब तपासणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून एका गोष्टीवर बोलतो.

दोन सेंट ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण पंचवीसवर दोन म्हणजे आठ टक्के. लेखकाच्या मानधनाचं हे प्रमाण आजही मराठी प्रकाशन व्यवहारात अनोळखी नाही. शिवाय १८४९ ते १८६० या अकरा वर्षांत त्याला रॉयल्टीचे पंधरा हजार डॉलरांच्या आसपास मिळाले. वर्षाला तेराशेच्या वर. मजुराच्या मानाने ही कितीतरी मोठी रक्कम. म्हणून 'प्रकाशकाने नागवलं' एवढंच म्हटलं तर ते पुरं होत नाही. तो उचल घेत राहिला आणि १८६० पर्यंत उलटा प्रकाशकाचंच देणं लागत होता.

माझ्या मते खरा घात झाला तो हक्क एकरकमी विकण्यात. दरमहा ठरावीक पगार नाही, पेन्शन नाही, भाडं डोक्यावर. अशा वेळी माणूस पुढच्या वीस वर्षांचं उत्पन्न आजच्या रोकड्यात बदलतो आणि ते नेहमी स्वस्तात जातं. मी माझ्या कामात हे लहान दुकानदारांच्या बाबतीत पाहतो. आपल्याकडे चित्रपटगीतकारांची हीच तक्रार होती, म्हणून २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. आता चित्रपट सोडून इतरत्र गाणं वाजलं तर त्या मानधनातला वाटा गीतकार-संगीतकाराला सहजासहजी लिहून देता येत नाही. फॉस्टरला नेमकं हेच कलम हवं होतं, त्याला स्वतःपासून वाचवणारं.

नदीकाठ

खतावणी, आठ टक्क्यांचा मुद्दा मी तसा पाहिलाच नव्हता. 'स्वतःपासून वाचवणारं कलम' हे अगदी पटलं. धन्यवाद.

रानजाई

लेख आवडला, पण एक मोठी गोष्ट तुम्ही ओलांडून गेलात. 'मिन्स्ट्रेल' म्हणजे काय ते वाचकाला कळायला हवं.

गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे, ओठ मोठे रंगवायचे, फाटके कपडे घालायचे आणि गुलाम काळ्या माणसांची नक्कल करून गोऱ्या प्रेक्षकांना हसवायचे. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी आणलं, तेच त्यांच्या टिंगलीसाठी वापरलं गेलं. १८४० च्या दशकात अमेरिकेतली ही सर्वांत लोकप्रिय करमणूक होती आणि त्याच वेळी लाखो माणसं विकली जात होती. फॉस्टरची निम्मी कीर्ती या मंचावर उभी आहे. 'ओ सुझॅना' आज बालगीत म्हणून शिकवतात, पण त्याच्या मूळ दुसऱ्या कडव्यात पाचशे काळी माणसं मेल्याचा उल्लेख विनोद म्हणून येतो. ते कडवं आता कोणी गात नाही, पण लिहिलं त्यानेच.

तुम्ही पिट्सबर्गला होतात तर तिथल्या फॉस्टरच्या पुतळ्याबद्दलही लिहायला हवं होतं.

नदीकाठ

रानजाई, तुमचं म्हणणं योग्य आहे, लिहायलाच हवं होतं.

पुतळा १९०० सालचा, जुसेप्पे मोरेत्ती या शिल्पकाराचा. मी गेले तेव्हा अर्थातच तो जागेवर नव्हता, २०१८ मध्ये हलवला. छायाचित्रं पाहिली. वर कोट घातलेला फॉस्टर हातात वही घेऊन बसलेला आणि खाली त्याच्या पायाशी अनवाणी काळा म्हातारा बँजो वाजवतोय. एक वाजवतो आणि दुसरा टिपून घेतो. नाव मात्र वर बसलेल्याचं. ज्या माणसाने आपलं नाव गेलं म्हणून पत्र लिहिलं, त्याच्याच पुतळ्यात पायाशी बसलेल्या वादकाचं सूर देण्याचं श्रेय कुठे नोंदलेलं नाही. पुतळा काढला ते मला बरोबर वाटतं.

पण फॉस्टर तिथेच थांबला नाही, हेही मला सांगायचंय. १८४९ चं 'नेली वॉज अ लेडी' घ्या. एक काळा नावाडी आपल्या मेलेल्या बायकोसाठी रडतो आणि तिला 'लेडी' म्हणतो. गोरे लोक तेव्हा हा शब्द काळ्या बाईला लावत नसत. 'माय ओल्ड केंटकी होम'चा कच्चा खर्डा हॅरिएट बीचर स्टो यांच्या कादंबरीतल्या टॉमकाकाच्या नावाने होता. छापताना ते नाव काढलं, बोलीची टिंगलही काढली. त्यात गुलाम कुटुंबाची ताटातूट आहे, हसण्यासारखं काही नाही. हा बदल एका रात्रीत झाला नाही आणि पुराही झाला नाही.

वाचनखूण

दोघींच्या बोलण्यात भर घालतो.

फ्रेडरिक डग्लस यांना सगळे ओळखत असतीलच. स्वतः गुलामीतून पळालेले, पुढे गुलामीविरोधी चळवळीचे सर्वांत मोठे वक्ते. १८५५ च्या भाषणात त्यांनी 'माय ओल्ड केंटकी होम'सारख्या गाण्यांचं नाव घेऊन म्हटलं की ही गाणी गुलामाबद्दल सहानुभूती जागवतात आणि त्या सहानुभूतीत गुलामीविरोधी विचार मूळ धरतो. मिन्स्ट्रेल नटांवर याच डग्लस यांनी कडाडून टीका केली होती. म्हणजे मंच नाकारून त्यांनी गाणं उचललं. पुढे डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या काळ्या विचारवंतांनी १९०३ मध्ये लिहिलं की गोऱ्या अमेरिकेच्या गाण्यांवर गुलामांच्या गाण्यांची छाप आहे, आणि उदाहरणं दिली ती फॉस्टरच्याच दोन गाण्यांची. आणि काळा गायक रे चार्ल्सने १९५७ मध्ये 'स्वानी रिव्हर रॉक' करून 'ओल्ड फोक्स ॲट होम'ची चाल आपल्या गळ्यात आणली.

आता आपल्याशी असलेला एक धागा. महात्मा फुले फॉस्टरहून एका वर्षाने लहान, जन्म १८२७ चा. त्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून ते ज्या लढ्याकडे पाहत होते, त्याच्या ऐन धुमाळीत हा गीतकार बावरीवर मरत होता. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, फॉस्टरचा मृत्यू त्यानंतर वर्षभराने.

रानजाई

डग्लस यांचं मत वाचलं, विचार करायला लावणारं आहे. तरी माझं एवढंच म्हणणं राहील की केंटकीच्या घोड्यांच्या शर्यतीआधी लाखभर लोक उभे राहून 'माय ओल्ड केंटकी होम' गातात, तेव्हा त्यातल्या बहुतेकांना ते विकल्या गेलेल्या माणसाचं रडणं आहे हे ठाऊक नसतं. १९२८ मध्ये ते राज्यगीत झालं. त्यातला काळ्या लोकांसाठीचा अवमानकारक शब्द बदलून 'लोक' हा शब्द घालायला विधिमंडळाला १९८६ साल उजाडलं. शब्द बदलला ते बरंच झालं, पण त्याबरोबर कोणाचं दुःख आहे ते पुसलं गेलं. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

षड्ज_पंचम

मी पेटीवाला. इथे कोणी चालीबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहितो.

काल रात्री 'ओल्ड फोक्स ॲट होम' पेटीवर काढलं. पहिल्या ओळीचे स्वर असे: ग, रेसा, गरे सा, सां ध सां, प ग सा रे. दुसरी ओळ तशीच, शेवटी सा वर येते. सा रे ग प ध, बस. भूपाचेच पाच स्वर! राग नव्हे, तो दावा मी करणार नाही, पण स्वरांचा संच तोच. म्हणून आपल्या कानाला ही चाल पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीची वाटते. मग 'सगळं जग उदास आहे' अशा अर्थाची ओळ येते आणि तिथे तो पहिल्यांदा निषाद लावतो: नी सां रें. पुढे मध्यमही येतो. तोवर दाबून ठेवलेला स्वर ऐन दुःखाच्या ओळीत सोडायचा, ही समज शिकवून येत नाही.

आणखी एक. मंद्र नाही, मध्य सा वरून एकदम तार सां वर उडी आहे ती पहिल्या ओळीत येणाऱ्या 'स्वानी' या नदीच्या नावाच्या मधोमध. 'स्वा' खाली, 'नी' वर. त्या नदीचं खरं नाव सुवानी, तीन अक्षरी. चालीत बसेना म्हणून त्याने एक अक्षर कापलं. नदी फ्लोरिडात आहे.

नदीकाठ

षड्ज_पंचम, तुम्ही लिहिलेले स्वर म्हणून पाहिले, डोळ्यांत पाणी आलं.

त्या नावाची गोष्ट ऐका. वहीतल्या खर्ड्यात आधी 'पीडी' ही दक्षिण कॅरोलायनातली नदी होती. ते नाव त्याला रुचेना. भाऊ मॉरिसनच्या ऑफिसात जाऊन त्याने दक्षिणेतल्या एखाद्या नदीचं दोन अक्षरी छान नाव विचारलं. मॉरिसनने 'याझू' सुचवलं, ते नको झालं. मग दोघांनी नकाशांचं पुस्तक उघडलं आणि बोट सुवानीवर आलं. फॉस्टरने ती नदी आयुष्यात पाहिली नाही. दक्षिणेत खोलवर तो एकदाच गेला, १८५२ मध्ये भावाच्या बोटीतून न्यू ऑर्लिन्सला, आणि तेव्हा हे गाणं छापून झालं होतं. १९३५ मध्ये फ्लोरिडाने ते राज्यगीत केलं.

खतावणी

अवांतर: 'नेली ब्लाय' हे १८५० चं गाणंही फॉस्टरचंच. पिट्सबर्गच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकाने १८८५ मध्ये एका नव्या तरुण वार्ताहर मुलीला टोपणनाव म्हणून ते दिलं. तीच पुढे वेड्यांच्या इस्पितळात वेष पालटून राहिली आणि ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. माझ्या मुलीने शाळेत तिच्यावर प्रकल्प केला होता, तेव्हा हे गाणं कुठून आलं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

सायली_पियानो

मी 'ब्यूटिफुल ड्रीमर' शिकवते. विद्यार्थ्यांना ९/८ या ठेक्याचा झोका पहिल्यांदा कळतो तो या गाण्यात, डावा हात पाण्यासारखा हलत राहतो. एवढं शांत गाणं इतक्या हालाखीत लिहिलं गेलं का? एका जुन्या प्रतीवर 'मृत्यूच्या काही दिवस आधी रचलेलं अखेरचं गाणं' असं वाचल्याचं आठवतं.

नदीकाठ

सायली, ते प्रकाशकाने छापलं होतं खरं, पण खरं नाही. गाणं १८६२ मध्येच तयार होतं, छापलं नव्हतं. फॉस्टर गेल्यावर १८६४ मध्ये बाहेर काढलं आणि 'अखेरचं गाणं' म्हणून विकलं. त्याआधी त्याच्यासाठी ते कोणी छापायची घाई केली नाही.

'हार्ड टाइम्स कम अगेन नो मोअर'ही शिकवा. गरिबाच्या दाराशी थांबून लिहिलेलं गाणं आहे. यादवी युद्धात सैनिकांनी त्याचं विडंबन केलं, दगडासारख्या लष्करी बिस्किटांवर.

वाचनखूण

ताई, एक राहिलं. ख्रिस्टीच्या नावाचं पुढे काय झालं? फॉस्टरचं नाव त्या गाण्यावर आलं तरी कधी?

नदीकाठ

ख्रिस्टी फॉस्टरच्या आधीच गेला, १८६२ मध्ये. मन बिघडलं होतं, न्यूयॉर्कमध्ये खिडकीतून उडी घेतली. नाव तरीही गाण्यावर तसंच राहिलं. तेव्हाच्या कायद्यात प्रताधिकार अठ्ठावीस वर्षांचा, आणि लेखक हयात नसेल तर विधवेला किंवा मुलांना तो आणखी चौदा वर्षांसाठी नव्याने नोंदवता यायचा. गाणं १८५१ चं. १८७९ मध्ये नोंदणी नव्याने झाली तेव्हा प्रथमच त्यावर स्टीफन फॉस्टर हे नाव छापून आलं. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. हक्क जेन आणि मॅरियनकडे आले, पैसेही थोडेफार येऊ लागले.

निघायच्या आदल्या दिवशी मुलगा मला लॉरेन्सव्हिलच्या ॲलेगेनी दफनभूमीत घेऊन गेला. जिथे जन्मला तिथून फार लांब नाही. आईवडिलांच्या शेजारी आहे तो. दगडावर नाव आहे.